विद्युद्दाबाची विभागणी : धारित्र, वेटोळे आणि एका शब्दाच्या तीन अपेक्षा

१. तिठा आणि घाट

रत्नागिरी शहरातून पूर्वेकडे निघालेला रस्ता हातखंबा येथे मुंबई–गोवा महामार्गास मिळतो. या ठिकाणास 'हातखंब्याचा तिठा' असे म्हणतात. रत्नागिरीहून आलेली वाहने येथे दोन वाटांनी जातात. काही उत्तरेस संगमेश्वर-चिपळुणाकडे वळतात, तर काही दक्षिणेस पाली-लांज्याकडे. तिठ्यावर कोणी मुक्काम केला नाही तर आलेल्या वाहनांची संख्या आणि दोन वाटांनी गेलेल्या वाहनांची बेरीज ही नेहमीच सारखी भरणार. तारांच्या तिठ्यावर विद्युत्‌प्रवाह विभागला जातो तो याच न्यायाने. किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये मांडलेल्या दोन नियमांपैकी पहिला नियम हाच होय.

त्याच्या दुसऱ्या नियमाचा विषय प्रवाह नसून दाब हा आहे, आणि त्यासाठी दृष्टान्त तिठ्याचा न घेता घाटाचा घेतला पाहिजे. कोल्हापूरकडून येणारा रस्ता आंबा घाटाच्या माथ्यावरून उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा असे टप्पे घेत रत्नागिरीच्या किनाऱ्यास पोहोचतो. घाटमाथा आणि समुद्र यांच्या उंचीत जे अंतर आहे ते या टप्प्यांत विभागले गेले आहे. कोणत्या टप्प्यात किती उतार याचा हिशेब मांडला तर सर्वांची बेरीज त्या एकूण अंतराइतकी यावयास हवी. विजेच्या मंडलात दोन टोकांमधील दाबाचे अंतर, ज्यास व्यवहारात 'व्होल्टेज' म्हणतात, ते एकापुढे एक जोडलेल्या घटकांत अशाच प्रकारे विभागले जाते. यालाच 'दाबाची विभागणी' असे म्हणण्याचा प्रघात आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही विभागणी होय; परंतु मंडलात केवळ रोधक नसून धारित्रे आणि वेटोळी असतील तेव्हा होणारी. येथे भौतिकशास्त्राइतकाच भाषेचाही प्रश्न उपस्थित होतो. 'विभागणी' हा शब्द शास्त्राने व्यवहारातून उचलला आहे, आणि तो येताना व्यवहारातील काही अपेक्षा बरोबर घेऊन आला आहे. कोकणात घरजमिनीची वाटणी भावाभावांत आण्यांच्या हिश्शाने सांगण्याची रीत आहे, एकाचे आठ आणे, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे चार, मिळून सोळा. या व्यवहारात तीन गोष्टी गृहीत असतात. पहिली, ज्याचे माप मोठे त्याचा वाटा मोठा. दुसरी, कोणाचाही वाटा सोळा आण्यांहून अधिक असू शकत नाही. तिसरी, ज्याचे नाव कागदावर आहे त्यासच वाटा मिळतो. रोधकांच्या मंडलात या तीनही अपेक्षा पुऱ्या होतात. धारित्रे व वेटोळी आली की त्या एकामागून एक ढासळतात. त्यांतील तिसरी ढासळते तेव्हा प्रसंग केवळ गणित चुकण्यापुरता राहत नाही, माणसाच्या जिवावर बेततो.

२. रोधकांची वाटणी

प्रथम सोपा प्रकार पाहू जाता, १०० ओहम आणि ३०० ओहम रोधाचे दोन रोधक एकसरी जोडून त्यांच्या टोकांना घरगुती पुरवठ्याचा २३० व्होल्ट दाब दिला आहे असे समजावे. एकसरी जोडणीत प्रवाहाला दुसरी वाट नसल्यामुळे दोहोंतून एकच प्रवाह वाहतो. रोधकावरील दाब हा प्रवाह व रोध यांचा गुणाकार असतो. म्हणून १०० ओहमच्या वाट्यास ५७.५ व्होल्ट आणि ३०० ओहमच्या वाट्यास १७२.५ व्होल्ट येतात. मोठ्यास मोठा वाटा मिळाला, प्रत्येक वाटा पूर्णाहून लहान राहिला, बेरीज सोळा आणे भरली. पुरवठा एकदिश असो वा प्रत्यावर्ती, या हिशेबात फरक पडत नाही.

विद्यार्थ्याच्या मनात 'विभागणी' या शब्दाचा अर्थ ठसतो तो या उदाहरणावरून. तो चुकीचा नाही. फक्त अपुरा आहे.

३. पहिली अपेक्षा : मोठ्यास मोठा वाटा

आता रोधकांच्या जागी १ मायक्रोफॅरड आणि ३ मायक्रोफॅरड धारितेची दोन धारित्रे एकसरी जोडावीत. पुरवठा तोच, २३० व्होल्टचा, प्रत्यावर्ती. येथे १७२.५ व्होल्ट मिळतात ते लहान धारित्रास, आणि मोठ्याच्या वाट्यास अवघे ५७.५ व्होल्ट येतात. वाटणी उलटी झाली.

याचे कारण धारित्राच्या रचनेत आहे. धारित्र म्हणजे मध्ये निरोधक थर ठेवून समोरासमोर आणलेले दोन वाहक पत्रे. एका पत्र्यावर जितका विद्युत्‌भार साचतो तितकाच विरुद्ध भार दुसऱ्यावर साचतो. दोन धारित्रे एकसरी जोडली म्हणजे पहिल्याचा दुसरा पत्रा आणि दुसऱ्याचा पहिला पत्रा हे एकाच तारेने जोडलेले, इतर सर्वांपासून तुटलेले बेट बनते. त्या बेटावर बाहेरून भार येऊ शकत नाही. आहे तोच इकडून तिकडे सरकतो. म्हणून दोन्ही धारित्रांवर साचणारा भार सारखाच असतो. एक तांब्याभर पाणी अरुंद पेल्यात ओतले तर पातळी बरीच चढते. तेच परातीत ओतले तर तळ जेमतेम झाकतो. धारिता ही भांड्याच्या रुंदीसारखी आहे आणि दाब हा पातळीसारखा. भार समान असताना लहान धारितेवर दाब अधिक येणार, हे ओघानेच आले.

यावरून धारित्रांच्या विभागणीचा नियम असा सांगता येतो : दोन धारित्रांपैकी एकावरील दाबाचा हिस्सा हा दुसऱ्याची धारिता भागिले दोहोंच्या धारितांची बेरीज इतका असतो. आपला हिस्सा ठरतो तो दुसऱ्याच्या मापावरून. हा नियम पुरवठ्याच्या वारंवारतेवर अवलंबून नाही. ५० हर्ट्‌झला जे प्रमाण, तेच ५०० हर्ट्‌झला.

वेटोळ्यांची गोष्ट याहून सरळ आहे. तारेचे वेटोळे आपल्यातून जाणाऱ्या प्रवाहातील बदलास विरोध करते, आणि ज्याची प्रवर्तकता अधिक त्याचा विरोधही अधिक. दोन वेटोळी एकसरी जोडली असता दाब प्रवर्तकतांच्या प्रमाणात, म्हणजे रोधकांप्रमाणेच, मोठ्यास मोठा वाटा या रीतीने विभागला जातो. अट एवढीच की एका वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरता कामा नये. ते शिरले तर दोहोंत शेजारधर्म उत्पन्न होतो आणि हिशेबात तिसरी राशी येते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हे दोन्ही नियम प्रत्यावर्ती प्रवाहाचे आहेत. एकदिश दाब दीर्घ काळ ठेवला तर आदर्श वेटोळे नुसती तार होऊन बसते आणि विभागणी तारेच्या रोधावरून ठरते. धारित्रांत निरोधक थरातून जी अत्यल्प गळती होते तीच अखेर वाटे ठरविते. 'धारित्रांवरील दाब धारितांच्या व्यस्त प्रमाणात असतो' हे वाक्य परीक्षेत लिहिताना प्रवाहाचा प्रकार सांगितला नाही, तर वाक्य अर्धेच राहते.

४. दुसरी अपेक्षा : अवयव पूर्णाहून लहान

एक रोधक आणि एक धारित्र एकसरी जोडून २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब दिला, आणि दोहोंवरील दाब दाबमापकाने मोजले, तर रोधकावर १३८ आणि धारित्रावर १८४ व्होल्ट आढळू शकतात. बेरीज ३२२. पुरवठा मात्र २३०. मापक बिघडलेला नाही. १३८ चा वर्ग १९,०४४. १८४ चा वर्ग ३३,८५६. त्यांची बेरीज ५२,९००, आणि हा बरोबर २३० चा वर्ग आहे. वाटे येथे साध्या बेरजेने जुळत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे जुळतात.

कारण असे की प्रत्यावर्ती दाब हा स्थिर आकडा नसून सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेणारी राशी आहे, आणि मापक तिचे केवळ प्रमाण सांगतो, वेळ सांगत नाही. रोधकावरील दाब प्रवाहाबरोबर चढतो-उतरतो. धारित्रावरील दाब प्रवाहाच्या पाव आवर्तनाने मागे राहतो. कारण आधी भार वाहत यावयाचा, मग पातळी चढावयाची. वेटोळ्यावरील दाब उलट पाव आवर्तनाने पुढे असतो. कारण प्रवाह बदलू लागताच, तो वाढण्याआधीच, वेटोळे विरोध करते. म्हणजे वेटोळे व धारित्र यांच्यामध्ये अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते. एकाचा दाब वर असतो त्या क्षणी दुसऱ्याचा खाली असतो.

वेटोळे व धारित्र हेच दोन घटक एकत्र आले म्हणजे या विरोधाचा परिणाम पूर्णपणे दिसतो. १० मायक्रोफॅरडचे धारित्र ५० हर्ट्‌झच्या प्रवाहास सुमारे ३१८ ओहम इतका अवरोध करते. अर्ध्या हेन्रीहून किंचित अधिक प्रवर्तकतेचे वेटोळे त्याच्या निम्मा, सुमारे १५९ ओहम, अवरोध करते. ही दोन्ही एकसरी जोडली तर अवरोधांची बेरीज होत नाही, वजाबाकी होते. शिल्लक अवरोध १५९ ओहम. प्रवाह सुमारे १.४५ अँपिअर. त्यावरून वेटोळ्यावरील दाब २३० व्होल्ट आणि धारित्रावरील दाब ४६० व्होल्ट येतो. आण्यांच्या भाषेत सांगावयाचे तर सोळा आण्यांच्या इस्टेटीत एका भावास बत्तीस आणे मिळाले आणि दुसऱ्याच्या नावे सोळा आणे कर्ज निघाले. हिशेब सोळा आणेच भरला. परंतु अशी वाटणी कोणत्याही वाटणीपत्रात आढळणार नाही.

घाटाचा दृष्टान्त येथे पुन्हा उपयोगी पडतो. कोकणातील रस्ता घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत सरळ उतरत नाही. एक दरी उतरतो, दुसरी टेकडी चढतो, पुन्हा उतरतो. एकूण उतार जेवढा आहे त्याहून अधिक उतार वाटेतील एखाद्या टप्प्यातच असू शकतो, कारण आधीच्या टप्प्याने रस्ता वर नेलेला असतो. टप्प्यांची बेरीज चिन्हांसह घेतली तरच ती खरी ठरते. रोधकांचा रस्ता केवळ उताराचा असतो. म्हणून तेथे चिन्हाचे स्मरण ठेवण्याची गरज पडत नाही.

याचा पुरावा घरोघरी टांगलेला आहे. छताच्या पंख्यात साहाय्यक वेटोळ्याबरोबर एकसरी जोडलेले एक लहान धारित्र असते. घरात २३० व्होल्टच येतात. पण त्या धारित्रावर ४४० व्होल्ट हा आकडा छापलेला असतो. निर्मात्याने तो केवळ सावधगिरी म्हणून घातलेला नाही. वेटोळ्याच्या संगतीत धारित्रावर पुरवठ्याहून अधिक दाब येतो, आणि तो सहन करण्याचे सामर्थ्य त्यात असावे लागते.

दोन्ही अवरोध समान झाले तर वजाबाकी शून्य होते. या स्थितीस अनुस्पंदन म्हणतात. १ हेन्रीचे वेटोळे आणि १० मायक्रोफॅरडहून किंचित मोठे धारित्र यांची ५० हर्ट्‌झला अशी जोडी जमते. दोहोंचा अवरोध सुमारे ३१४ ओहम. प्रवाहास अडवावयास आता केवळ तारेचा रोध उरतो. तो २० ओहम धरला तर प्रवाह ११.५ अँपिअर आणि वेटोळे व धारित्र या प्रत्येकावर सुमारे ३,६०० व्होल्ट. पुरवठा अजूनही २३० व्होल्टचाच आहे. झोपाळ्यास योग्य वेळी दिलेला लहानसा रेटा जसा मोठा झोका उत्पन्न करतो, तसेच येथे होते. ऊर्जा दर आवर्तनात वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून धारित्राच्या विद्युत्‌क्षेत्रात आणि तेथून परत अशी झुलत राहते. पुरवठा फक्त रोधात खर्च होणारी ऊर्जा भरून काढतो. फुकट काही मिळालेले नाही. पण ३,६०० व्होल्ट मात्र खरे आहेत, आणि निरोधक थर फोडावयास ते पुरेसे आहेत.

५. उपकेंद्रातील सदुपयोग

विभागणीचे हे तिरपागडे गुण वीजपुरवठ्याच्या व्यवहारात रोज कामी येतात. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहातून १९६२ पासून वीज निघू लागली आणि ती २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून दूर नेण्यात आली. अशा वाहिनीची प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेने सुमारे १२७ किलोव्होल्ट दाबावर असते. तिच्यास दाबमापक जोडणे शक्य नाही. तिचा दाब कळावा कसा?

याचे उत्तर म्हणजे उपकेंद्राच्या आवारात दिसणारे चिनी मातीचे उंच, चुणीदार स्तंभ. त्यांपैकी काहींच्या आत अनेक धारित्रे एकावर एक रचलेली असतात. समजा, वरच्या समूहाची धारिता खालच्या धारित्राच्या एक-नवमांश आहे. तर तिसऱ्या परिच्छेदातील नियमानुसार दाबाचे नऊ हिस्से वर पडतात आणि एकच हिस्सा, १२.७ किलोव्होल्ट, खाली मिळतो. तेथून एक लहान रोहित्र तो दोनशे पटींनी उतरविते आणि नियंत्रणकक्षातील मापकास ६३.५ व्होल्ट मिळतात. रोधकांनीही ही विभागणी झाली असती. परंतु रोधक सतत तापत राहिले असते. धारित्रे जवळजवळ तापत नाहीत.

या रचनेत एक उणीव आहे. मापक आणि रोहित्र यांनी थोडासा प्रवाह ओढला की तोही विभागणीत भागीदार होतो आणि खालचा वाटा घसरतो. म्हणून मध्ये एक वेटोळे घालतात, ज्याचा अवरोध धारित्रांच्या समतुल्य अवरोधाइतका ठेवलेला असतो. दोहोंची वजाबाकी होऊन घसरण नाहीशी होते. म्हणजे घरच्या पंख्यात ज्या विरोधामुळे दाब वाढतो, तोच विरोध येथे मोजमापाची चूक दुरुस्त करतो. अर्थात्, धारित्राजवळ लोखंडी गाभ्याचे रोहित्र ठेवले की नको असलेले अनुस्पंदन उद्भवण्याचा धोका असतो. तो शमविण्याची वेगळी योजना त्याच पेटीत केलेली असते.

याच स्तंभांचा दुसरा उपयोग भाषाभ्यासकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. उच्चदाब तारांवरून केवळ वीजच नव्हे, तर एका उपकेंद्रातून दुसऱ्यास माणसाचे बोलणेही पाठविता येते. बोलण्याच्या लहरी त्यासाठी उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर आरूढ केल्या जातात. १०० किलोहर्ट्‌झची वाहक लहर घेतली, तर ती ५० हर्ट्‌झच्या दोन हजार पट होते. वारंवारता दोन हजार पट वाढली की धारित्राचा अवरोध दोन हजार पट घटतो आणि वेटोळ्याचा तितकाच वाढतो. परिणामी तेच धारित्र विजेस जवळजवळ बंद आणि बोलण्यास उघडे असते; वाहिनीच्या तोंडाशी बसविलेले वेटोळे विजेस उघडे आणि बोलण्यास बंद. एकाच तारेवरील दोन प्रवासी दोन वेगळ्या वाटण्यांनी वेगळे केले जातात.

माणसाच्या मुखात होणारी निवड याच जातीची आहे. घशातील व तोंडातील पोकळ्यांमधील हवा दाबली जाते व पसरते, म्हणजे ती धारित्राचे काम करते. जीभ आणि टाळू यांमधील अरुंद वाटेतील हवेस जडत्व असते, म्हणजे ती वेटोळ्याचे काम करते. 'ई' उच्चारताना मागे मोठी पोकळी आणि पुढे अरुंद वाट असते. म्हणून त्या स्वराचे पहिले अनुस्पंदन कमी वारंवारतेस येते. बेल प्रयोगशाळेतील एच. के. डन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेले 'विद्युत् वाङ्‌मार्गा'चे प्रतिमान वेटोळी व धारित्रे यांच्याच साखळीचे होते. स्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही मंडले परकी वाटण्याचे कारण नाही.

६. तिसरी अपेक्षा : कागदावर नाव असेल त्यासच वाटा

येथवर जी धारित्रे आली ती कोणीतरी बनविलेली व जोडलेली होती. परंतु धारित्राची व्याख्या पुन्हा पाहावी : मध्ये निरोधक असलेले दोन वाहक. हवा हा निरोधक आहे. मग तार आणि तिच्या शेजारची तार, तार आणि खांब, तार आणि जमीन, तार आणि तिच्याखाली उभा असलेला माणूस, या सर्व जोड्या धारित्रेच होत. त्यांची धारिता अल्प असते, आणि आराखड्यावर त्यांचे चिन्ह नसते. तरीही त्या आपला वाटा घेतात.

घरातील एलईडी दिवा बटन बंद केल्यावर रात्री कधी कधी मंद उजळत राहतो. भिंतीतील नळीत चालू तार आणि बंद केलेली तार शेजारी शेजारी धावत असतात. त्यांच्यामधील न दिसणारे धारित्र थोडा प्रवाह पलीकडे पोहोचविते. जुन्या दिव्यास तो पुरत नसे, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नव्हता.

मनोऱ्यावर तारा ज्या चकत्यांच्या माळेने टांगलेल्या असतात तिचेही असेच आहे. सर्व चकत्या सारख्या. म्हणून दाब त्यांच्यात समान विभागला जाईल अशी अपेक्षा असते. पण दोन चकत्यांमधील प्रत्येक धातूचा सांधा आणि मनोरा यांच्यामध्ये हवेचे एक न दिसणारे धारित्र असते. ते चकतीच्या धारितेच्या एक-दशांश आहे असे धरून तीन चकत्यांचा हिशेब केला, तर मनोऱ्याकडील चकतीस २९.३, मधलीस ३२.३ आणि तारेकडील चकतीस ३८.४ टक्के दाब मिळतो. चौथ्या, अनामिक भागीदारामुळे तारेजवळच्या चकतीवर सर्वांत अधिक भार पडतो. किनारपट्टीवर त्यात आणखी एकाची भर पडते. समुद्रावरून येणारे मीठ चकत्यांवर बसते, दवाने वा झिमझिम पावसाने ओले होते, आणि पृष्ठभागावर गळतीची वाट तयार होते. मग धारितांनी ठरविलेली वाटणी रोधांच्या हाती जाते. मोठ्या पावसाने मीठ धुऊन गेले की वाटणी पुन्हा पूर्वपदावर येते.

या अनामिक भागीदारीचे सर्वांत गंभीर रूप बंद केलेल्या तारेत दिसते. कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीच्या पुलावरूनही आता २५ किलोव्होल्टची तार गेली आहे. समजा, अशा एखाद्या तारेस काही अंतर समांतर दुसरी एक तार आहे. ती दोन्ही टोकांस तोडलेली आहे, तिचा पुरवठ्याशी कसलाही संबंध नाही, आणि ती जमिनीसही जोडलेली नाही. व्यवहारात तिला 'बंद' म्हणतात. पण चालू तार व ही तार यांचे एक धारित्र झाले, आणि ही तार व जमीन यांचे दुसरे. दोन्ही एकसरी आहेत. पहिल्याची धारिता दुसऱ्याच्या एक-नवमांश धरली, तर बंद तारेवर २५ किलोव्होल्टचा दहावा हिस्सा, म्हणजे २,५०० व्होल्ट, उभा राहतो.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की हा आकडा समांतर लांबीवर अवलंबून नाही. लांबी दुप्पट केली तर दोन्ही धारिता दुप्पट होतात, प्रमाण तेच राहते. शंभर मीटर बंद तारेवर जो दाब, तोच पाच किलोमीटरवर. लांबीने वाढतो तो स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जाणारा प्रवाह. दर किलोमीटरास १ नॅनोफॅरड धारिता धरल्यास चालू तारेकडून एका किलोमीटरमागे सुमारे ८ मिलिअँपिअर आणि पाच किलोमीटरमागे सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातातली तार सोडविता येत नाही. ४० मिलिअँपिअर छातीतून वाहत राहिले तर हृदयाची लय बिघडू शकते.

त्यातही फसवणूक अशी की तार तपासण्यासाठी कोणी साधा दिवा लावून पाहिला तर तो पेटत नाही. दिव्याचा रोध न दिसणाऱ्या धारित्राच्या अवरोधापुढे इतका लहान असतो की तो जोडताच जवळजवळ सर्व दाब हवेतील धारित्रावर सरकतो. दिवा न पेटणे हे तार सुरक्षित असल्याचे प्रमाण नव्हे. अशा तारेसाठी योग्य प्रकारचा तपासक वापरावा लागतो. तीन तारांच्या वाहिनीत तिन्हींचे परिणाम काही अंशी एकमेकांस छेदतात, परंतु बंद तारेपासून तिघींची अंतरे सारखी नसल्याने छेद पूर्ण होत नाही. शिवाय चालू तारेतील प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र बंद तारेत वेगळा दाब प्रवर्तित करते, आणि तो मात्र लांबीबरोबर वाढतो. अशा रीतीने धारित्र व वेटोळे, दोघेही कोणी न जोडता, त्या तारेवर हजर असतात.

३ जून २०२० चे 'निसर्ग' आणि मे २०२१ चे 'तौक्ते' या वादळांनी रत्नागिरी जिल्ह्यात खांब व तारा मोठ्या प्रमाणावर पाडल्या. अशा दिवसांत अंधारात बसलेल्या गावांचा धीर सुटत असतो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनवर घाईचे दडपण असते. परमिट मिळाले, वाहिनी बंद झाली, मग कामास हात घालावा, हा मोह नेमका तेव्हा प्रबळ असतो. नियम मात्र सांगतो की कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तार जमिनीस जोडल्यावाचून तिला स्पर्श करू नये. या नियमाचे कारण आता स्पष्ट व्हावे. तार जमिनीस जोडली की तिच्या व जमिनीच्या मधल्या धारित्रास जवळजवळ शून्य रोधाची वाट समांतर मिळते आणि दाबाचा तो हिस्सा नाहीसा होतो. दोन्ही बाजूंस जोडण्याचे कारण चुंबकीय प्रवर्तन होय. एकाच टोकास जोडलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाकडे तो दाब शिल्लक राहतो.

७. शब्दांविषयी

'विभागणी' हा शब्द टाकून द्यावा असे यावरून सुचवावयाचे नाही. तो रुळलेला आहे आणि त्याहून चांगला दुसरा हाती नाही. त्याच्या जोडीने चिन्ह, वेळ आणि न दिसणारे भागीदार या तीन गोष्टी शिकविल्या जाव्यात, एवढेच पुरे. परिभाषेतील शब्दाची व्याख्या देताना त्याचा व्यावहारिक अर्थ कोठे थांबतो हेही नोंदविले, तर कोशाचे काम अधिक पूर्ण होईल.

'बंद' या शब्दाविषयी मात्र इतके सौम्य राहता येत नाही. मराठीत दुकान बंद असते, घड्याळ बंद पडते, पाऊस बंद होतो. प्रत्येक वेळी अर्थ असा की क्रिया संपली, आता तेथून काही यावयाचे नाही. तारेस तोच शब्द लावला की ऐकणाऱ्याच्या मनात तीच निश्चिंती उत्पन्न होते. वस्तुतः तारेच्या दोन अवस्था वेगळ्या आहेत. पुरवठ्यापासून सुटलेली तार ही 'तोडलेली' तार होय. दोन्ही बाजूंस जमिनीस बांधलेली तार ही 'अर्थ केलेली' तार होय. लाइनमनच्या बोलण्यात हा शब्दप्रयोग आहेच. पहिलीवर हजारो व्होल्ट असू शकतात, दुसरीवर नसतात. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत, परमिटाच्या कागदावर आणि खांबाखालून दिल्या जाणाऱ्या हाकेत 'बंद आहे' याऐवजी 'तोडली आहे' आणि 'अर्थ केली आहे' ही दोन वाक्ये स्वतंत्रपणे यावीत, आणि दुसरे ऐकल्याखेरीज कोणी हात वर नेऊ नये.